डी ड्राइव्ह म्हटलं की डी ड्राइव्हच!

मागणं काय आहे माझं? टेक्स्ट एडिटर उघडला, 'ओपन' दाबलं, की डी ड्राइव्हवरचं प्रोग्रामचं फोल्डर समोर यावं. 'सेव्ह ॲज' दाबलं की फाइल तिथंच पडावी. संपला विषय. पण नाही! हा बहाद्दर जातोय डॉक्युमेंट्समध्ये. तिथनं वळवून आणावा तर दुपारी डाउनलोड्समध्ये जाऊन बसतोय. का? तर मधे एका पार्टीची मेलवर आलेली नोट तिथनं उघडून बघितली होती. बघितली फक्त! तेवढ्यावर ह्यानं मुक्काम हलवला. रिक्षावाल्याला राजारामपुरी सांगावं आणि त्यानं रोज एसटी स्टँडावर उतरवून पैसे मागावेत, तशातली गत.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनचे प्रोग्राम लिहितो मी. प्रोग्राम म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. वर टक्क्याची खूण, खाली ओ आणि चार आकडी नंबर, मग मशीनला द्यायचे हुकूम, म्हणजे जी कोड, एम कोड, शेवटी प्रोग्राम संपवणारा एम ३०. आणि मशीनच्या कंट्रोलवर ओळख असते ती त्या ओ नंबराची. फाइल कुठल्या फोल्डरमधनं आली, जुनी का नवी, त्याला काय देणं नाही. म्हणजे फाइल योग्य जागी असणं हे सगळं ह्या एडिटरच्या भरवशावर.

आणि भरवसा कसला! शिरोलीच्या फाउंड्रीतनं पंपाच्या बॉडीची कास्टिंग आली होती. पार्टीनं ड्रॉइंगचं रिव्हिजन पाठवलं, बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, कमी केलेला. आकडा बदलला, नव्या रिव्हिजनच्या नावानं सेव्ह केलं. आदल्या रात्री एडिटरचं अपडेट येऊन गेलेलं आणि त्यात पाथचं, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याचं सेटिंग साफ कोरं झालेलं. एक ओळ दाखवली नाही की बाबा, तुझं फोल्डर मी विसरलोय. फाइल गेली डॉक्युमेंट्समध्ये. सेकंड शिफ्टच्या मामांनी रोजच्यासारखं डी ड्राइव्हवरनं पेन ड्राइव्हवर घेतलं, तिथं होता तोच प्रोग्राम घेतला, म्हणजे जुना. ओ नंबर तोच. ड्राय रन, म्हणजे न कापता नुसतं चालवून बघणं, व्यवस्थित, टूल कुठं धडकत नाही, सगळं झकास. बोअर मात्र मोठा. कमी कापलं असतं तर परत मशीनवर चढवता आलं असतं, जास्त कापलेलं बिडाचं काय करायचं? परत भट्टीत. वर मालकांची बोलणी मामांना. मामांचा काय दोष होता ह्यात, सांगा की!

ह्यावर हमखास एखादा शहाणा म्हणणार, "सेव्ह करताना वरचा पाथ वाचत जावा की." अरे, मग सेटिंग ठेवलंय कशाला? शोभेला?

सेटिंग तरी एका जागी असावं. ते पण नाही. ओपनचं फोल्डर 'जनरल' मध्ये, सेव्हचं 'फाइल्स' मध्ये, बॅकअपचं 'ॲडव्हान्स्ड' मध्ये, आणि नवीन फाइलला सुरुवातीला कुठं उभं करायचं ते म्हणे सेटिंग्जच्या फाइलीत हातानं लिहा. ती फाइल कुठं? ॲपडेटामध्ये. ॲपडेटा कुठं? लपवलेलं. आधी लपलेली फोल्डरं दाखवा म्हणून विंडोजला सांगायचं, मग आत शिरायचं.

बरं, शिरलो. फाइल जेसॉनची, म्हणजे सेटिंग्ज लिहायच्या एका ठरावीक पद्धतीची. डी कोलन बॅकस्लॅश (उलटी तिरकी रेघ) आणि पुढं फोल्डरचं नाव 'टर्निंग', असं इंग्रजीत सरळ लिहिलं. उघडेचना. कारण जेसॉनमध्ये बॅकस्लॅशच्या पुढं टी आला की त्याचा होतो टॅब. 'न्यू जॉब्स' लिहिलं तर एन मुळं नवी ओळ. बॅकस्लॅश दोनदा लिहायचा असतोय म्हणे. आता टर्निंगचं शॉप आहे आमचं, फोल्डरला टर्निंग नाव नको तर काय मिसळ ठेवू?

हा बॅकस्लॅशचा लोचा पण चाळीस वर्षांपूर्वीचा. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टीम; १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हती. १९८३ च्या २.० मध्ये आली, तोवर सरळी तिरकी रेघ कमांडच्या स्विचेसना, म्हणजे हुकमामागं जोडायच्या पर्यायांना, देऊन झालेली, म्हणून फोल्डरच्या वाट्याला उलटी रेघ. तेव्हाच्या एका सोयीची फेड मी उद्यमनगरात बसून करतोय.

त्यात अजून एक गंमत कळली. विंडोजमध्ये प्रोग्रामला ओपन-सेव्हच्या खिडकीसाठी फोल्डर दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक, "हेच दाखव." दुसरी, "आधी वापरलेलं काही आठवत नसेल, तरच हे दाखव." आमच्या एडिटरवाल्यांनी, लक्षणांवरनं बोलतोय, दुसरी धरलीय. म्हणजे मी दिलेलं फोल्डर पहिल्या दिवशी चालतं आणि नंतर आयुष्यभर शेवटचं उघडलेलं. हे सेटिंगच्या खाली दोन शब्दांत लिहायला काय पैसे पडत होते? नोटपॅड प्लस प्लसमध्ये बघा, तीन पर्याय सरळ मांडलेत: उघड्या फाइलच्या मागं जा, शेवटचं लक्षात ठेव, नाहीतर मी सांगतो ते. फुकटातला एडिटर आहे तो! आमच्या मालकांनी लायसन्सचे पैसे मोजलेत ह्याला, म्हणून हाच वापरायचा.

मग म्हटलं, डी ड्राइव्ह राहू दे, सगळ्या कॉम्प्युटरांना नेटवर्कवरचं एकच फोल्डर शेअर करू. त्याला झेड ड्राइव्ह असं नाव देऊन जोडला, म्हणजे मॅप केला. दोन दिवस सुरळीत. मग एक दिवस एडिटर म्हणतोय झेड सापडत नाही. एक्सप्लोररमध्ये झेड ठणठणीत उघडतोय, ह्यालाच दिसत नाही. कारण कुणीतरी एडिटरला 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' वर टाकलेलं. तसं चालवलेल्या प्रोग्रामला साध्या युजरनं मॅप केलेले ड्राइव्ह विंडोज सहसा दाखवतच नाही. अधिकार वाढवले की दिसायचं कमी होतं! (ह्यावरनं आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांची आठवण झाली, पण तो विषय नको.)

मालकांच्या भाच्यानं तर कहरच केला. हौसेनं एका कॉम्प्युटरवर युजरचं नाव मराठीत ठेवलं. एडिटरला चाललं. पण मशीनला प्रोग्राम पाठवायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या पद्धतीच्या आधीचं, आणि त्या जुन्या पद्धतीच्या कोडपेजांत (अक्षरांच्या तक्त्यांत) विंडोजनं देवनागरीला जागाच दिलेली नाही. पाथमध्ये नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. फाइल डोळ्यांसमोर, सॉफ्टवेअर म्हणतंय अशी फाइलच नाही. पोराची चूक काय? आपल्या भाषेत आपलं नाव लिहिलं, एवढीच.

डबल एक्स्टेन्शनचं तर सोडाच. फाइलच्या नावामागं एनसी लावून सेव्ह करावं, हा त्याच्याही मागं गुपचूप टीएक्सटी जोडतोय, आणि विंडोज मुळातच असली ओळखीची शेपटं (एक्स्टेन्शन) लपवून ठेवत असल्यामुळं दिसायला सगळं बरोबर.

शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्ट इन' असतं, तिथं पाथ टाका, असा सल्ला पण मिळाला. टाकला. डेस्कटॉपवरनं उघडला की थोडा ऐकतोय. टास्कबारवरनं उघडला की नाही, कारण तिथं पिन केला तेव्हाच त्याचा वेगळा शॉर्टकट झालेला. फाइलवर डबल क्लिक करून उघडला तर स्टार्ट इन कोण विचारतंय! म्हणजे आता फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, सगळ्यांना बसवून शिकवू का, की भावांनो, ह्याच आयकॉनवर क्लिक करा, त्या शेजारच्यावर नको?

एडिटरवाल्यांना मेल टाकला. उत्तर आलं, "हे अपेक्षेप्रमाणेच चालू आहे." कुणाच्या अपेक्षेप्रमाणं, ते लिहिलं नाही. परत विचारलं तर म्हणे पुढच्या आवृत्तीत सेटिंग्जचं पान नव्यानं येणार आहे. आणि जुनी सेटिंग्ज? ती आपोआप नव्यात जाणार नाहीत, आपली आपण भरून घ्यायची.