ग्राफिटीवर डॉक्युमेंटरी काढायचीय? आधी हूडी घ्या

जळगाव-धुळ्यात ग्राफिटीवर, म्हणजे भिंतींवरच्या बंडखोर लिहिण्या-रंगवण्यावर, डॉक्युमेंटरी काढायचं ठरवलंच आहे, तर आधी एक काळी हूडी घ्या. मे महिन्यात, 45 अंशांत ती घालून भिंतीपुढे उभा राहणारा पोरगा सापडला की निम्मी फिल्म झाली समजा. तो उकडून निघतोय हे पडद्यावर दिसत नाही, व्यवस्थेविरुद्धची धग तेवढी दिसते. स्प्रेचे डबे मात्र गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. 50 अंशांच्या वर तापू देऊ नये असं त्यांच्यावर छापलेलं असतं, आणि छापणाऱ्यानं आपला मे पाहिलेला नाही.

सुरुवात न्यूयॉर्कपासूनच करा. तिथल्या एका पोरानं दिसेल तिथे ‘टाकी 183’ लिहून ठेवलं आणि 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्याची बातमी केली. टाकी हे त्याचं टोपणनाव, 183 हा त्याच्या रस्त्याचा नंबर. धुळ्यातही गल्ल्यांना नंबरच आहेत, पण इथल्या पोरानं हे केलं तर बाप चपलेनं हाणतो, त्यामुळे त्याची चळवळ होत नाही. भुयारी रेल्वेचे डबे रात्रीतून रंगवणाऱ्या पोरांवरची ‘स्टाइल वॉर्स’ 1983 ची. ती पाहून भुसावळच्या यार्डात घुसावंसं वाटेल. घुसू नका. आरपीएफचा जवान डॉक्युमेंटरी बघत नाही.

स्थानिक परंपरा हवीच, तर अजिंठ्याला जा, जळगावहून साठेक किलोमीटर. 10 क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या साहेबानं 28 एप्रिल 1819 रोजी खांबावरच्या चित्रावरच नाव-तारीख कोरून ठेवली. शिकारीला आला होता म्हणे. लेण्यात तेव्हा दगडमाती साचलेली, तिच्यावर उभा राहून कोरलं, म्हणून ते आज डोक्याच्या वर आहे. याला अजिंठ्याचा शोध म्हणतात. सहलीच्या पोरानं कोरलं तर त्याला विद्रूपीकरण म्हणतात.

बंडखोर भिंतीसाठी रीतसर परवानगी काढा. 1995 पासून त्यासाठी राज्याचा कायदाच आहे. अर्ज, नगरसेवकाचं पत्र, दोन चकरा. निषेधाची मूठ काढायला कुणी नाही म्हणत नाही, फक्त शेजारी ओला कचरा, सुका कचरा आणि हसरी घंटागाडी काढावी लागते.

आता धोक्याची सूचना. चोपडा-अमळनेरकडे एखाद्या शिडीवर पेंटर दिसेल. केळीची रोपं, कपाशीचं बियाणं, सिमेंट, जी जाहिरात मिळेल ती रंगवत असतो. चुन्याचा हात दिलेल्या भिंतीवर निळीची दोरी ताणून एक फटका मारतो, की या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ. पुरुषभर उंचीच्या अक्षराचा काना एका दमात खाली आणतो, ब्रश थरथरत नाही. कॅमेरा बंद ठेवा. विलायतेत भिंती रंगवून जगप्रसिद्ध झालेल्या बॅन्क्सीचा चेहरा जगाला माहीत नाही, आणि हा बाबा सहीखाली मोबाईल नंबर टाकतो! कसली आलीय गूढता?

शिवाय बाजारभावाचं बघा. 2018 मध्ये लंडनच्या लिलावात हातोडा पडला आणि बॅन्क्सीचं चित्र चौकटीतल्याच यंत्रानं अर्धं फाडलं. तेच चित्र 2021 मध्ये 1 कोटी 85 लाख पौंडांच्या वर गेलं. पेंटरच्या भिंती रस्ता रुंदीकरणात जेसीबीनं अख्ख्या पाडल्या, त्याचा चौरस फुटाचा दर हलला नाही. ही कला तुमच्यासाठी काय आहे, असं विचारलंत तर म्हणेल, “भाऊ, दोन हात मारना पडतस, नहीते पानीमा धोवाई जास.” असल्या उत्तराला सबटायटल देता येतं, पार्श्वसंगीत देता येत नाही.

तरी त्याचे पाच-दहा सेकंद घ्याच, संथ गतीत, मागे बासरी. शेवटच्या नामावलीत शेवभाजीच्या पंगतीचा खर्च करणाऱ्या भाऊंचं नाव मोठं येऊ द्या. भिंतीवरचा तो नंबर मात्र पुसट करा. फिल्म पाहून कुणी फोन केला, पेंटरला कामं मिळू लागली, तर पुढच्या वर्षी ‘अस्तंगत होणारी कला’ या विषयावर अनुदान कसं मागणार?