‘ही लोकं टॅक्स कुठे भरतात?’

परवा पुण्याहून आतेभाऊ आला होता, पहिल्यांदाच बँकॉकला. सकाळी त्याला आमच्या सोयच्या तोंडाशी (गल्लीला इथे सोय म्हणतात) मू पिंग खायला नेलं. निखाऱ्यावर भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या काड्या, 10 बाथला एक, आणि सोबत पिशवीत बांधलेला चिकट भात. पाच मिनिटांत आठ-दहा गिऱ्हाइकं होऊन गेली. आतेभाऊ म्हणाला, “काय धंदा आहे बघ! आणि टॅक्स शून्य. ही लोकं टॅक्स कुठे भरतात? भरडले जातो ते आपण पगारदार.”

हे मी इथल्या मराठी मंडळींकडून ऐकलंय, ऑफिसातल्या थाई सहकाऱ्यांकडूनही ऐकलंय. मी 9 वर्षं इथे नोकरी करते आणि दरवर्षी इथला इन्कम टॅक्स भरते. तेव्हा पगारदारांच्या वतीने मलाही बोलता येतं, आणि मला हे बोलणं पटत नाही.

त्याचं म्हणणं वरवर खरं आहे. थायलंडमध्ये सुमारे 4 कोटी लोक काम करतात, त्यातले निम्म्याहून जास्त असंघटित. प्रत्यक्ष इन्कम टॅक्स भरणारे जेमतेम 40 लाखांच्या आसपास. पण बाकीचे चुकवतात म्हणून भरत नाहीत, असं नाही. त्यांना तो बसतच नाही.

आमच्या ऑफिसात कंत्राटदाराकडून आलेली सफाईवाली आहे. बँकॉकमध्ये जुलै 2025 पासून किमान मजुरी दिवसाला 400 बाथ. महिन्याचे 26 दिवस धरले तर वर्षाचे 1,24,800. कायद्याने यातली निम्मी रक्कम खर्चापोटी वजा होते, वर प्रत्येकाला 60,000 ची वजावट. उरले 2,400. आणि पहिल्या दीड लाखावर कर नाहीच. पगारदाराला इथे महिन्याला साधारण 26 हजार बाथपर्यंत काहीच भरावं लागत नाही. म्हणजे ती त्या रेषेच्या निम्म्यावरही पोहोचलेली नाही. तिच्या पगारातून 5 टक्के सामाजिक सुरक्षा निधीला मात्र दर महिन्याला कापले जातात, तेही 520 बाथ.

(पुण्यात आतेभावाच्या सोसायटीचा वॉचमन महिन्याला 10 हजारांच्या वर कमावतो आणि त्याचा दरमहा 200 रुपये प्रोफेशन टॅक्स कापला जातो, फेब्रुवारीत 300. वर्षाचे अडीच हजार. “टॅक्स आपणच भरतो” म्हणताना आपल्याला तो आठवत नाही. मीच आठवण करून दिली तेव्हा आतेभाऊ गप्प झाला.)

आता मू पिंगवाली पा. आईवडिलांच्या थोरल्या बहिणीला इथे पा म्हणतात, आणि त्या वयाच्या कुठल्याही बाईला तशीच हाक मारतात. तिची विक्री दिवसाला 1,500 बाथ आणि वर्षाचे 300 दिवस धरू: साडेचार लाख. ही नुसती विक्री आहे. मांस, कोळसा, भात, पिशव्या सगळं यातूनच. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला 60 टक्के सरसकट खर्च धरता येतो. उरले 1,80,000. त्यातून 60,000 गेले की 1,20,000. पुन्हा दीड लाखाच्या आत. कर शून्य, आणि तोही कायद्यानेच शून्य.

मग ती टॅक्स भरत नाही का? भरते की. इथे 7 टक्के व्हॅट आहे. कच्चं मांस, भाजी, तांदूळ यांवर नाही. पण गॅस, सॉस, साबण, विजेचं बिल, मोबाइलचा रिचार्ज, सगळ्यावर आहे. महिन्याला अशा 4,000 बाथच्या वस्तू घेतल्या तर त्यात सुमारे 260 बाथ व्हॅट असतो. मोठा दुकानदार खरेदीवर दिलेला व्हॅट वळता करून घेतो. वर्षाला 18 लाखांच्या आतल्या विक्रीला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे पा नोंदणीत नाही, आणि तिला तो वळता करता येत नाही. तिने दिलेला व्हॅट कुठल्याच यादीत तिच्या नावावर लागत नाही, एवढंच. 2024 च्या डिसेंबरात अर्थमंत्री पिचाई चुन्हावाचिरा यांनी व्हॅट 15 टक्क्यांपर्यंत नेण्याचा विषय काढला, तेव्हा इतका गदारोळ झाला की पंतप्रधान पेतोंगतार्न यांना तसं काही नाही असं सांगावं लागलं. तो गदारोळ ज्यांनी केला त्यांना आपला खिसा नीट माहीत होता.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. कर शून्य असला तरी रिटर्न भरायचं बंधन आहे. एकट्या धंदेवाल्याची वर्षाची विक्री 60,000 च्या वर गेली की रिटर्न, आणि पहिल्या सहा महिन्यांतच तेवढी झाली तर वर्षातून दोनदा. सहामाही फॉर्म वेगळा. मू पिंगवालीला हे कुणी कधी सांगितलेलंच नाही. तिला एवढंच कळलंय की क्यूआरने पैसे घेतले की ‘फासी’वाले येतात. (फासी म्हणजे कर.) या भीतीला कारणही आहे. 2019 पासून एखाद्याच्या खात्यांवर एका बँकेत वर्षात 3,000 वेळा पैसे जमा झाले की बँक करखात्याला कळवते. रक्कम कितीही लहान असो. रोज 10 गिऱ्हाइकांनी 40-40 बाथ क्यूआरने दिले की 300 दिवसांत ती यादीत आली! गेल्या वर्षी तिने क्यूआरचा फलक काढून हातगाडीच्या खणात टाकला. तरुण गिऱ्हाइकं खिशात रोकड बाळगत नाहीत; ती पुढच्या गाडीवर गेली. न बसणाऱ्या कराच्या भीतीने धंदा गेला. याची गणती कुणी करत नाही.

आणि आमच्या इमारतीत एसी दुरुस्त करायला येणारा पोरगा. कंपन्यांची कामं घेतो, महिन्याला 15 हजारांच्या आसपास. प्रत्येक बिलातून 3 टक्के कापून घेतात, आपल्या टीडीएससारखे. वर्षाचे 5,400 बाथ. त्याचा कर शून्य, म्हणजे हे सगळे पैसे त्याचेच. किमान मजुरीने साडेतेरा दिवसांची कमाई. रिटर्न भरलं की परत मिळतात, ओळखपत्राच्या नंबरला जोडलेल्या प्रॉम्प्टपे (इथलं यूपीआय) खात्यात थेट जमा होतात. त्याने कधीच भरलं नाही. “पी, मी टॅक्सच्या भानगडीत पडत नाही,” म्हणाला. (पी म्हणजे ताई.) टॅक्स तर त्याचा आधीच कापला गेलाय.

गरिबाला इन्कम टॅक्स बसू नये हे मला मनापासून पटतं. दीड लाखाची मर्यादा वाढवली तरी मी आनंदाने माझा भरेन. पण नोंदीच्या बाहेर राहिलेल्याला बँक कर्ज देत नाही, उत्पन्नाचा कागद मिळत नाही. स्वयंरोजगारवाल्यांची सामाजिक सुरक्षा ऐच्छिक आहे, महिना 70, 100 किंवा 300 बाथची, आणि त्यातल्या कुठल्याच हप्त्यात बेकारी भत्ता नाही. तेव्हा करखात्याने हातगाड्यांवर अधिकारी पाठवायचे असतील तर जरूर पाठवावेत, पण तो शून्याचा फॉर्म भरून द्यायला.

परताव्याचा दावा 3 वर्षांत करता येतो. काल तो पोरगा जुन्या टॅक्स-कपातीच्या पावत्या पिशवीत घालून घेऊन आला. चारेक पावत्या ओल्या होऊन चिकटल्यात, दोन कंपन्यांकडून नव्याने मागाव्या लागतील. रविवारी आम्ही दोघं बसणार आहोत, आणि मू पिंगवालीलाही बोलावलंय.