सायकलस्वाराची बिअर: कोलोरॅडो आणि बव्हेरियाच्या रस्त्यांवरून एक मत

म्युनिकमधल्या आमच्या सायकल गटात मराठी आणि जर्मन मंडळींबरोबर दोन अमेरिकन मित्रही आहेत. गेल्या रविवारी ईझार नदीच्या काठाने फ्रायझिंगपर्यंत जाऊन आलो आणि संध्याकाळी जर्मन बिअर श्रेष्ठ की अमेरिकन, या विषयावर बराच वाद झाला. मी कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे सहा वर्षे राहिलो, आता म्युनिकला पाच वर्षे झाली, आणि दोन्ही ठिकाणी सुट्टीचे बहुतेक दिवस सायकलवरच गेले. त्यामुळे या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. त्या गर्दीत ते नीट मांडता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

वादाची सुरुवात नेहमीप्रमाणे शुद्धतेपासून झाली. १५१६ साली इंगोलश्टाट येथे बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे त्याच्या, राज्यकर्त्या ड्यूकांनी जाहीर केलेल्या फर्मानाचा दाखला जर्मन मित्र अभिमानाने देतात: बार्ली, हॉप्स (कडवटपणा आणि गंध देणारी फुले) आणि पाणी, याशिवाय बिअरमध्ये काही नको. अभिमान समजण्यासारखा आहे, परंतु त्या फर्मानात बिअरच्या किमतीही ठरवून दिल्या होत्या, आणि गहू व राय ही धान्ये पाव भाजणाऱ्यांसाठी शिल्लक राहावीत हा हेतूही त्यामागे होता, असे मानले जाते. शिवाय राईड संपल्यावर आम्ही सर्व जण ज्या वाइसबिअरकडे वळतो ती गव्हाची असते. म्हणजे त्या फर्मानाच्या शब्दांत ती बसतच नाही. शुद्धतेच्या कायद्याने जर्मन बिअरला शिस्त दिली हे मला मान्य आहे, पण सत्तर किलोमीटर सायकल चालवून आलेल्या माणसाला कोणती बिअर मानवते, याचे उत्तर त्या कायद्यात सापडत नाही.

दुसरीकडे अमेरिकन बिअर म्हणजे पाणचट लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर), हे म्हणणेही अन्यायाचे आहे. ती लागर मुळात जर्मन स्थलांतरितांनीच अमेरिकेत नेली. तेथे बिअरचे मोठे उद्योग उभे करणारे अडोल्फस बुश आणि फ्रेडरिक मिलर हे दोघेही जर्मनीत जन्मलेले. तिकडच्या, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या बार्लीत प्रथिनांचे प्रमाण जास्त असल्यामुळे बिअर गढूळ आणि जड होत असे. ती हलकी व स्वच्छ व्हावी म्हणून तांदूळ आणि मका वापरण्याची पद्धत रुळली. पुढे १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात असंख्य लहान ब्रुअरी (बिअर बनवण्याचे कारखाने) बंद पडल्या, आणि जे मोठे उद्योग टिकले त्यांच्या हलक्या लागरने बाजार व्यापला. घरी बिअर बनवण्यावरची बंदी उठवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केली आणि तेथून चित्र बदलू लागले. कॅलिफोर्नियातील चिको येथे १९८० साली सुरू झालेल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीच्या पेल एल या हॉप्सचा गंध उठून दिसणाऱ्या बिअरमधील कास्केड जातीच्या हॉप्सचा तो ग्रेपफ्रूटसारखा, किंचित पाइनच्या झाडाची आठवण करून देणारा गंध ज्याने एकदा अनुभवला आहे, तो अमेरिकन बिअरला पाणचट म्हणणार नाही. चवीच्या धाडसात अमेरिकन ब्रुअर आज जर्मनांच्या पुढे आहेत, असे मी म्युनिकमध्ये राहूनही म्हणतो.

मात्र सायकलस्वाराने चवीआधी दुसरा हिशेब करायला हवा. अमेरिकेतील टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीला जोडलेल्या बिअर पिण्याच्या दालनात, पाइंट म्हणजे सुमारे ४७३ मिलिलिटर. त्यात साडेसहा टक्क्यांची पेल एल असेल, तर पोटात साधारण २४ ग्रॅम अल्कोहोल जाते. बव्हेरियातील पाच टक्क्यांच्या हेलेसचा, म्हणजे फिकट लागरचा, अर्ध्या लिटरचा ग्लास घेतला तर सुमारे २० ग्रॅम. अर्धी बिअर आणि अर्धे लिंबूपेय असलेला राडलर तेवढ्याच ग्लासातून जेमतेम १० ग्रॅम देतो, आणि ज्याला येथे ‘अल्कोहोलफ्राय’ म्हणतात त्या बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंतच अल्कोहोल असल्याने दोन ग्रॅमही जात नाही. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना, पोट रिकामे असताना आणि अजून वीस किलोमीटर जायचे असताना हा फरक फार मोठा ठरतो. तीव्र बिअरमुळे लघवीचे प्रमाण वाढते आणि जे पाणी भरून काढायचे तेच निघून जाते.

हे मी अनुभवाने शिकलो. फोर्ट कॉलिन्समध्ये एका शनिवारी हॉर्सटूथ जलाशयाभोवतीचे चढ चढून आल्यावर मी एका टॅपरूममध्ये आठ टक्क्यांची डबल आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची तीव्र बिअर, घेतली. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवरची कोरडी हवा, दुपारचे ऊन, आणि सकाळपासून खाल्लेले दोन एनर्जी बार. बिअर अप्रतिम होती. घर फक्त सहा किलोमीटरवर होते, पण एका चौकात लाल दिवा दिसूनही माझे हात ब्रेकवर उशिरा गेले आणि एक गाडी माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. त्या दिवसापासून परतीचा रस्ता बाकी असताना मी तीव्र बिअर घेत नाही.

जर्मन परंपरेचे मोठेपण मला येथे दिसते. सायकल चालवणारा माणूस मध्येच तहानेने थांबणार, हे या परंपरेने गृहीत धरले आहे. ‘राडलर’ या शब्दाचा अर्थच सायकलस्वार. म्युनिकच्या दक्षिणेला डायझनहोफेन येथील कूगलराल्म या उपाहारगृहाची कथा येथे सर्वांना ठाऊक असते: १९२२ सालच्या जूनमधील एका शनिवारी तेरा हजार सायकलस्वार येऊन धडकले, बिअर संपत आली, आणि मालक फ्रान्झ झावर कूगलर यांनी पडून असलेले लिंबूपेय बिअरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून ते खास सायकलस्वारांसाठीच बनवले असल्याचे सांगितले. कथा गोड आहे, पण शोध त्या दिवशीचा नसावा, कारण ‘राडलरमास’ (राडलरचा लिटरभर मग) हा शब्द १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका बव्हेरियन लेखिकेच्या आठवणींत आधीच येऊन गेला आहे. मला उलट ही गोष्ट अधिक आवडते. एका मालकाच्या हुशारीपेक्षा, सायकली आल्या तशी लोकांनी आपली बिअरही सौम्य करून घेतली, हे जास्त मोलाचे आहे.

बिनअल्कोहोलच्या वाइसबिअरबद्दल मला विशेष आदर आहे. यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा गंध तिच्यात बऱ्याच अंशी टिकतो, आणि माल्टमधील शर्करा व क्षार यांमुळे एर्डिंगरसारख्या ब्रुअरी ती खेळाडूंचे आयसोटॉनिक (शरीरातील द्रवाशी क्षार-शर्करेने जुळणारे) पेय म्हणून विकतात. २००९ सालच्या म्युनिक मॅरेथॉनच्या वेळी येथील तंत्रविद्यापीठातील डॉक्टरांनी २७७ पुरुष धावपटूंवर प्रयोग केला. ज्यांना शर्यतीच्या तीन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत रोज एक ते दीड लिटर बिनअल्कोहोलची वाइसबिअर दिली, त्यांच्यात शर्यतीनंतरचा दाह आणि सर्दी-खोकल्याचे विकार कमी आढळले. या अभ्यासाला एका ब्रुअरीचे अर्थसाह्य होते, हे लक्षात ठेवूनच त्याकडे पाहावे. तरीही शंभर किलोमीटरनंतर थंड बिनअल्कोहोलच्या वाइसबिअरचा पहिला घोट घेताना मला कोणत्याही अभ्यासाची गरज वाटत नाही.

जागेचाही प्रश्न आहे. बव्हेरियात सायकलचा मार्ग आणि बिअरगार्टन (उघड्यावर बसून बिअर पिण्याची जागा) एकमेकांना सोडून राहत नाहीत. फ्रायझिंगला ईझारच्या काठाने जावे तर टेकडीवर वाइहेनश्टेफानची ब्रुअरी आहे, जी आपली परंपरा १०४० सालापासून सांगते. चेस्टनटच्या सावलीत लांब बाके असतात, आणि पारंपरिक बिअरगार्टनमध्ये स्वतःचे जेवण घेऊन बसता येते, त्यामुळे आमच्या टेबलावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघते तेव्हा कोणी हरकत घेत नाही. अमेरिकेत अशी सोय फार थोड्या गावांत आहे. बहुतेक टॅपरूमसमोर आधी मोठे वाहनतळ लागते आणि तेथे सायकलने पोहोचणे हेच धोक्याचे असते.

फोर्ट कॉलिन्स त्याला अपवाद आहे. न्यू बेल्जियम ही ब्रुअरी तेथे १९९१ साली एका घराच्या तळघरात सुरू झाली. संस्थापक जेफ लेबेश यांनी बेल्जियममध्ये जाड टायरच्या सायकलवरून भटकंती केली होती, म्हणून त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध बिअरचे नाव ‘फॅट टायर’ आणि लेबलवर लाल सायकल. एक वर्ष काम केलेल्या कर्मचाऱ्याला ही ब्रुअरी सायकल भेट देत असे. शर्यतींच्या बाबतीतही दोन्ही देश तोडीस तोड आहेत: फ्रँकफुर्टची १ मेची शर्यत १९६२ पासून अनेक दशके हेनिंगर ब्रुअरीच्या मनोऱ्याच्या नावाने ओळखली जात असे, तर कोलोरॅडोतील कूर्स क्लासिक ही ऐंशीच्या दशकातील अमेरिकेची महत्त्वाची शर्यत, जी अमेरिकन सायकलपटू ग्रेग लमाँड यांनी १९८१ आणि १९८५ साली जिंकली. बिअर आणि सायकल यांवर अमेरिकन ब्रुअरांचे प्रेम कमी आहे, असे मी कधीच म्हणणार नाही. त्यांची उत्तम बिअर मात्र सायकल घरी लावल्यानंतरची आहे.

याचा अर्थ जर्मन ग्लास नेहमी निर्धोक असतो, असाही नाही. आमर सरोवराजवळच्या टेकडीवर आंडेक्सचा मठ आहे आणि तेथील डोपेलबॉक ही तीव्र बिअर सात टक्क्यांच्या पुढे जाते. चढ चढून आल्यावर एक लिटरचा मग समोर ठेवणारे आणि मग त्याच उतारावरून खाली जाणारे लोक मी दर उन्हाळ्यात पाहतो आणि मला काळजी वाटते. येथील नियमानुसार सायकलस्वारासाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा दर हजारी १.६ आहे, मोटारचालकाच्या तिपटीहून अधिक. अपघात झाला किंवा चालवण्यात चूक दिसली तर ०.३ वरही गुन्हा होऊ शकतो. त्या १.६ ला अनेक जण परवानगी समजतात, आणि आमच्या गटातही हा गैरसमज होता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, आणि गटातील सर्वांनी त्यावर विचार करावा: वाटेतल्या थांब्यावर राडलर किंवा बिनअल्कोहोलची वाइसबिअर, त्याहून तीव्र काही नको, आणि सायकल तळघरात कुलूपबंद झाल्यावर, आंघोळ आणि जेवण झाल्यावर, ज्याला हवी त्याने सिएरा नेवाडाची पेल एल उघडावी. पुढच्या रविवारी आपण आंडेक्सला जाणार आहोत. ज्यांना डोपेलबॉक घ्यायची इच्छा आहे त्यांनी ती बाटलीतून घरी न्यावी. माझ्या मागच्या कॅरिअरच्या पिशव्यांत सहा बाटल्यांची जागा मी मोकळी ठेवतो आहे.