दाऊदला आणा म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

दिवेआगरहून श्रीवर्धनला किनाऱ्याकिनाऱ्यानं जाताना शेखाडी लागतं. आपण तिथे फोटोसाठी गाडी थांबवतो. फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईसाठीचं आरडीएक्स इथेच उतरलं. १२ मार्चला शेअर बाजारापासून एकामागोमाग स्फोट झाले, २५७ माणसं गेली.

दर मार्चला यावर पोस्टींचा पूर येतो. पाकिस्तान, दाऊद, टायगर मेमन. सगळं खरंच आहे. पण ते सामान उतरवायला कुणाला नवी वाट शोधावी लागली नव्हती. सोन्याचांदीच्या तस्करीची वाट वर्षानुवर्षं मळलेली होती. होड्या ठरलेल्या, ट्रक ठरलेले, हप्तेही ठरलेले.

त्याच्या आधीच, जानेवारीत, याच किनाऱ्यावरच्या दिघीला एक खेप उतरली, चांदी आणि तिच्यासोबत हत्यारं. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवले. अडवले, हे लक्षात घ्या! मग सौदा झाला. रोकड कमी पडली तेव्हा चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या आणि ट्रक मुंबईकडे सोडले. "चांदीच तर आहे" हे त्या काळी किनाऱ्यावर पाप मानलंच जात नव्हतं. पुढे खटल्यात पोलीस दोषी ठरले, कस्टमचे अधिकारी दोषी ठरले, त्यांच्यातल्या, कस्टमच्याच अतिरिक्त कलेक्टर दर्जाच्या माणसाला जन्मठेप झाली. हा भाग पोस्टींमध्ये कधी दिसत नाही.

म्हणून मला टोळी आणि दहशतवादी संघटना हे दोन वेगळे कप्पे पटत नाहीत. टोळीला पैसा हवा, दहशतवाद्याला राज्य हादरवायचंय, हेतू वेगळे असतील. पण फाट्यावर दोघांचा ट्रक एकच असतो, आणि हप्ता घेणारा ताडपत्री उचलून बघत नाही. १९९९ मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आला, त्यानं टोळ्यांचं कंबरडं बऱ्यापैकी मोडलं, हे मान्य. तरी तो लागतो टोळीवर आणि तिला साथ देणाऱ्यांवर. साथ वर कुठवर पोचते, हे खणणार कोण?

खणायचा प्रयत्न झाला होता. स्फोटांनंतर जुलै १९९३ मध्ये गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली गेली. गुन्हेगार, अधिकारी आणि राजकारणी यांचं साटंलोटं शोधायला. अहवाल ऑक्टोबरातच तयार झाला, संसदेत आला १९९५ मध्ये, तोही मोजक्या पानांचा. त्यामागची कागदपत्रं काही बाहेर आली नाहीत. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. दाऊदला फरफटत आणा म्हणणाऱ्या माझ्या मित्रयादीतल्या किती जणांनी ती कागदपत्रं कधी मागितली?