99 टक्के ओव्हरलॅपने काही होत नाही

धाकटी बहीण फायनल इयरला आहे, प्रोजेक्ट लॅम्ब वेव्हजवर, म्हणजे पातळ प्लेटमधून धावणाऱ्या, क्रॅक शोधायला वापरतात त्या अल्ट्रासॉनिक लहरींवर. काल एक फॉरवर्ड पाठवून विचारते, दादा हे रिपोर्टमध्ये टाकू का? त्यात लिहिलंय की एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणारं गणित) कालबाह्य झाला, स्पेक्ट्रोग्राम (कोणती फ्रिक्वेन्सी कधी आली हे दाखवणारा प्लॉट) काढा, विंडोला (एका वेळी बघायचा सिग्नलचा तुकडा) 99 टक्के ओव्हरलॅप द्या की वेळ आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही अचूक मिळतात, विग्नर-व्हिल नावाची दुसरी पद्धत तर त्याहून भारी, आणि प्लॉट स्वच्छ आला म्हणजे प्लेटला क्रॅक नाही. हाच मेसेज मला तिसऱ्यांदा आलाय, आता लिहितोच.

एफएफटी कालबाह्य म्हणे! अहो, स्पेक्ट्रोग्राम म्हणजे सिग्नलच्या तुकड्यांवर केलेला एफएफटीच की. हां, अख्ख्या सिग्नलचा एकच स्पेक्ट्रम काढला तर एस झीरो कधी आला नि ए झीरो कधी (हे लॅम्ब वेव्हचे दोन प्रकार) हे त्यात दिसत नाही, तेवढं बरोबर आहे.

पण ओव्हरलॅप? डेनिस गॅबर या शास्त्रज्ञाने 1946 मध्येच दाखवलंय की वेळेतला पसारा आणि फ्रिक्वेन्सीतला पसारा यांचा गुणाकार एका मर्यादेच्या खाली जातच नाही. बहिणीचीच प्लेट घ्या. 1 मिमी स्टील, 500 किलोहर्ट्झ, 5 सायकलचा पल्स म्हणजे 10 मायक्रोसेकंद. एकामागे एक दोन नॉच, म्हणजे मुद्दाम पाडलेल्या खाचा, मध्ये 50 मिमी. एस झीरो सेकंदाला साधारण 5.4 किमी जातो, जाऊन-येऊन 100 मिमी जास्त, म्हणजे दोन इकोंत जेमतेम 18-19 मायक्रोसेकंदांचा फरक. विंडो 50 मायक्रोसेकंदांची ठेवली तर दोन्ही एकाच ठिपक्यात, मग ती अर्ध्या-अर्ध्या मायक्रोसेकंदाने सरकवा नाहीतर त्याहून बारीक, ठिपका फक्त गुळगुळीत दिसणार. विंडो 10 ची केली की इको सुटे होतात, पण फ्रिक्वेन्सी 100 किलोहर्ट्झने पसरते आणि डिस्पर्शनचा उतार (फ्रिक्वेन्सीप्रमाणे वेग कसा बदलतो ते) गेला.

विग्नर-व्हिलमध्ये दोन खऱ्या इकोंच्या मधोमध तिसरा भुताचा इको उगवतो, त्याला क्रॅक म्हणणार का?

आणि शेवटचं वाक्य तर धोकादायक आहे. वेव्हच्या दिशेला समांतर असलेली क्रॅक फारसं काही परत पाठवतच नाही, मग प्लॉट स्वच्छच येणार. पाइपवर गाइडेड वेव्ह (लॅम्ब वेव्हच्याच जातीच्या) वापरतात ती सुद्धा स्क्रीनिंगला, संशय आला त्या जागी नेहमीचा यूटी (अल्ट्रासॉनिक टेस्टिंग) प्रोब लावून जाडी मोजावीच लागते.

रात्री तिने 10 ची विंडो लावून बघितली, एका ठिपक्याचे दोन झाले. रिपोर्टमध्ये आता दोन्ही प्लॉट जातायत, खाली विंडोची लांबी लिहून.