म्हणे 'फ्रेम टू फ्रेम रिमेक'!

किम जी-वून या कोरियन दिग्दर्शकाच्या 'द गुड, द बॅड, द वीअर्ड' (२००८) या सिनेमाबद्दल एक ठरावीक मजकूर फिरत असतो. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा (१९६६) हा फ्रेम टू फ्रेम रिमेक. नाव ढापलं, गोष्ट ढापली, वर विनोद करून मूळ सिनेमाची वाट लावली. आणि कोरियात काउबॉय आले कुठून?

नावाचं मान्य. शेवटी तिघं एकमेकांवर पिस्तुलं रोखून उभे राहतात, तेही तिथलंच. पण हे चोरून घेतलेलं नाही, पाटी लावून घेतलंय.

गोष्ट मात्र वेगळी आहे. लिओनेकडे अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि कब्रस्तानात पुरलेलं दोन लाख डॉलरचं सोनं. किमकडे १९३०च्या दशकातला मांचुरिया, म्हणजे चीनचा ईशान्य भाग. फेरीवाला बनून रेल्वेत शिरलेला ते-गू हा चोर एका जपानी बड्या असामीला लुटतो आणि त्याच्या हाती एक नकाशा लागतो. तो कशाचा, हे त्याला ठाऊक नाही. पण बाउंटी हंटर (इनामासाठी गुन्हेगार पकडणारा), सुपारीबाज, डाकूंची टोळी, जपानी फौज असे सगळे त्याच्या मागे. (सिनेमा पाहिला नसेल तर पुढचं वाक्य गाळा.) खजिना म्हणजे सोनंनाणं नसतंच, जमिनीतलं तेल असतं, आणि ज्या खुंखार माणसाचा दरारा सिनेमाभर ऐकू येतो तो निघतो हाच विदूषक ते-गू! यातलं लिओनेकडे काय आहे, सांगा.

आता काउबॉय. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं. त्या काळात शेतकरी, क्रांतिकारक, भुरटे असे कितीतरी कोरियन सीमा ओलांडून मांचुरियात गेले. तिथे १९३२ पासून जपानचं बाहुलं सरकार. मोकळं माळरान, घोडे, रेल्वे, डाकू. वेस्टर्नला, म्हणजे काउबॉयपटाला, आणखी काय लागतं? कोरियात १९६०-७०च्या दशकांत 'मांचुरियन वेस्टर्न' हा प्रकारच चालत होता. ली मान-ही यांच्या १९७१ च्या अशाच एका सिनेमावरून आपल्याला हे सुचलं, असं किमने सांगितलेलं आहे. म्हणजे ढापाढापी शोधायचीच तर आधी त्यांच्या घरातली शोधा.

विनोदाची तक्रार तर मला कळतच नाही. लिओनेच्या त्याच सिनेमातला टुको हा डाकू कोण होता मग? फेसाने भरलेल्या टबात बसलेला, समोरचा बंदूक रोखून भाषण ठोकत असताना फेसातूनच गोळी झाडणारा आणि वर 'मारायचं तर मारावं, बोलत बसू नये' असं सुनावणारा? त्याच जातीचा ते-गू. भर बाजारातल्या गोळीबारात तो पाणबुड्याचं लोखंडी शिरस्त्राण डोक्यात घालतो. गोळ्या टणाटण आपटून परत जातात आणि आतून ते-गू झालेला नट सोंग कांग-हो बिचकत बाहेर डोकावतो. हसू येतं, पण चकमकीची धार जात नाही. हे जमवायला हिंमत लागते.

राहता राहिला नकलेचा शिक्का. लिओनेचा १९६४ चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून, परवानगी न घेता केलेला. 'योजिम्बो'च्या तोहो कंपनीने दावा ठोकला. तडजोडीत कुरोसावाच्या बाजूला जगभरातल्या उत्पन्नाचा १५ टक्के हिस्सा मिळाला, शिवाय जपान, तैवान आणि (हे ऐकाच) दक्षिण कोरिया इथले वितरणाचे हक्क.