जे बिघडणार आहे, तिथवर हात पोहोचायला हवा

आम्ही ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरात, कायम राहतो. आज दुपारी त्याच्या दुरुस्ती केंद्रातून फोन आला. पलीकडच्या गृहस्थांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि एका वाक्यात विषय संपवला : "मॅडम, ही वस्तू सुटीत चार दिवस फिरण्यासाठी बनवलेली असते, तिच्यात कायम राहायचे नसते." मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण भिंतीमागचा पाण्याचा सांधा तपासण्यासाठी भिंतच का कापावी लागावी, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नव्हतेच. तेव्हापासून माझा संताप काही शमत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझ्या मित्रयादीतले बरेच जण वस्तू टाकून देण्याआधी ती उघडून पाहणारे आहेत. मला राग कशाचा आला आहे हे तुम्हाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

घडले ते असे. रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप मध्येच क्षणभर घरघरायचा आणि थांबायचा. ट्रेलरमधला पंप १२ व्होल्टवर चालतो आणि त्यात दाबावर चालणारा स्विच असतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि पंप आपोआप थांबतो. म्हणजे कोणीही नळ उघडलेला नसताना पंप सुरू झाला, तर नळीतला दाब कुठेतरी उतरतो आहे, आणि त्याची कारणे दोनच असू शकतात : एक तर पंपाची उलटे पाणी अडवणारी झडप सैल होऊन पाणी टाकीकडे परतते आहे, नाही तर ते कुठेतरी गळते आहे. आम्ही पंप बंद करून बाहेरच्या नळाचे पाणी जोडून पाहिले. झडप खराब असती तर आतली टाकी हळूहळू भरू लागली असती, पण ती भरली नाही. मग ओट्याखालचा, बेसिनखालचा, शौचालयामागचा, गीझरजवळचा, असा डोळ्यांना दिसणारा प्रत्येक सांधा आम्ही कागदाने टिपून पाहिला आणि प्रत्येक कागद कोरडाच निघाला. शेवटी शॉवरशेजारच्या जमिनीची कड पावलाला मऊ लागली. गरम पाण्याच्या नळीचा एल्बो, म्हणजे वळणावरचा सांधा, नेमका तिथेच, भिंतीच्या आत होता. आणि त्या भिंतीला दार नव्हते, झाकण नव्हते, साधा स्क्रूही नव्हता. प्लायवूडचा पातळ तक्ता गोंद लावून आणि पिना ठोकून कायमचा बंद करून टाकलेला होता.

ज्या घराला चाके आहेत, ते घर प्रत्येक प्रवासात हादरे खाणार आहे. प्लॅस्टिकच्या आट्यांचे सांधे हादऱ्यांनी सैल होतात, तापमानाच्या चढउताराने आकसतात आणि फुगतात, आणि त्यांतला एखादा केव्हा ना केव्हा पाझरणारच, हे घर बांधणाऱ्याला माहीत असते. निदान त्याला माहीत असायलाच हवे. ते माहीत असूनही जो मनुष्य त्या सांध्यावर तक्ता ठोकतो, त्याने पुढच्या दुरुस्तीचा विचारच केलेला नसतो. विक्रीच्या आवारात ट्रेलर पाहायला येणारा माणूस अर्धा तास आत वावरतो. त्याला छतावरची दिव्यांची पट्टी दिसते, शोभेची विजेची शेगडी दिसते, गुळगुळीत भिंत दिसते. भिंतीत दार दिसले तर ती गुळगुळीत राहणार नाही, म्हणून दार करायचे नाही. मला हे अत्यंत अप्रामाणिकपणाचे वाटते आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

गळती थेंबाथेंबाने होते, पण नुकसान त्या प्रमाणात होत नाही. पुष्कळ ट्रेलरच्या भिंती म्हणजे आत पातळ प्लायवूड, मध्ये फोम आणि बाहेर फायबरग्लासचा पातळ थर, हे सगळे एकमेकांना चिकटवून केलेले एकच पान असते. पाणी आत शिरले की चिकटवण सुटते, बाहेरचा थर फुगून येतो आणि मग ती भिंत पूर्ववत होणे फार अवघड होऊन बसते. जमिनीचे लाकूड कडेकडून पाणी पिते आणि पुठ्ठ्यासारखे फुगते. एक वायसर बदलण्याचे काम, केवळ तिथवर हात पोहोचत नाही म्हणून, जमीन आणि भिंत बदलण्याचे काम होते. आमच्या बाबतीत ते तिथवर गेले नाही, कारण पंपाच्या त्या घरघरीकडे आम्ही दुर्लक्ष केले नाही. परंतु पंप बंद करून झोपण्याची सवय असलेल्या कोणाला ती ऐकूच आली नसती.

वजनाचा मुद्दा मला मान्य आहे. ट्रेलर ओढायचा असतो, त्यात किलोकिलोचा हिशेब असतो, आणि जाड लाकडाच्या भिंती त्यात शक्य नाहीत. मात्र भिंतीतलाच एक तुकडा सुटा करून त्याला चार स्क्रू लावल्याने ट्रेलरचे वजन वाढत नाही.

आणि दार करता येत नाही असेही नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजचेच पाहा. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या खेळावर चालणारा, एकही हलता भाग नसलेला हा फ्रीज १९२२ साली बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी शोधला आणि आजही अनेक ट्रेलरमध्ये तोच वापरात आहे. तो मला मनापासून आवडतो. त्याच्या आतला द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने परततो, म्हणून ट्रेलर बऱ्यापैकी सपाट उभा करावा लागतो; तो कलता ठेवून फ्रीज चालवला तर द्रव अडतो आणि आतली यंत्रणा तापून कायमची निकामी होऊ शकते. त्यामुळे नव्या जागी पोहोचलो की पाणसळ ठेवायची, चाकांखाली फळ्या सरकवायच्या, ठोकळे लावायचे आणि मगच बाकीचे सामान उघडायचे, हा आमचा नित्यक्रम आहे आणि त्याचा मला कंटाळा येत नाही, कारण त्यामागचे कारण मला पटते. सांगायचे असे की या फ्रीजच्या पाठीमागे, बाहेरच्या भिंतीत, जाळीचे झाकण असते. दोन खटके फिरवले की ज्योत, नळी, तारा, सगळे समोर येते. गीझरलाही बाहेरून दार असते. ते उघडून पाणी काढता येते, आणि पोलादी टाकी असेल तर टाकीऐवजी स्वतः गंजणारी ती कांडी तपासून बदलता येते. फ्रीजला आणि गीझरला हवा लागते, त्यांचा धूर बाहेर जावा लागतो, म्हणून त्यांना दार देणे भागच पडते. पाण्याच्या सांध्याला हवा लागत नाही, म्हणून त्याला भिंतीत पुरले. त्या गृहस्थांना मला हेच विचारायचे होते.

ओलीचीही हीच कथा आहे, फक्त तिथे हाताऐवजी हवा पोहोचत नाही. ट्रेलरमध्ये जळणाऱ्या गॅसचा, म्हणजे प्रोपेनचा, १ किलो जळला की त्यातून सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर नळीतून बाहेर जातो, पण स्वयंपाकाच्या शेगडीची वाफ आतच राहते; तिच्यात आपल्या श्वासाची आणि आंघोळीची भर पडते. थंडीत ही सगळी वाफ सर्वांत गार पृष्ठभाग शोधून तिथे पाणी होऊन बसते : खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीवर, कपाटाच्या मागच्या भिंतीवर आणि गादीच्या खालच्या बाजूला. गादी ज्या फळीवर ठेवलेली असते तिला एकही भोक नसते. आम्ही त्या फळीला रांगेने भोके पाडली, वर लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवली, गादी त्यावर टाकली आणि कपाटांच्या दारांना खालीवर जाळ्या बसवल्या. आता स्वयंपाक करताना छतावरचा पंखा चालू असतो आणि थंडी असली तरी एक खिडकी बोटभर उघडी असते. गादी कोरडी आहे. कारखान्यात ही भोके पाडायला ड्रिल यंत्राचे कितीसे काम पडले असते? छताबद्दल फार लिहीत नाही; तिथे निदान वर चढून हवेच्या झरोक्यांभोवतीचे सीलंट डोळ्यांनी पाहता येते आणि भेग दिसली की ते पुन्हा भरता येते. फक्त कृपा करून तिथे साधे सिलिकॉन फासू नका, कारण त्यावर पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही.

तर त्या भिंतीकडे परत येते. पंप बंद केला, बाहेरचे पाणी तोडले आणि नळ उघडून नळीतला दाब उतरवला. शॉवरच्या पलीकडच्या कपाटातून नळी कुठून आत शिरते ते मोजून भिंतीवर पेन्सिलीने चौकोन आखला. थेट करवत चालवणे धोक्याचे होते, कारण मागे तारा आहेत की नाहीत हे सांगणारा एकही नकाशा ट्रेलरबरोबर मिळालेला नाही. म्हणून एका कोपऱ्यात छोटे भोक पाडले आणि त्यातून कॅमेऱ्याची तार आत सोडून पाहिले. आखलेल्या रेषेच्या अगदी लगत दोन तारा निघाल्या. चौकोन बाजूला सरकवला, करवतीचे पाते जेमतेम तक्त्याच्या जाडीइतके बाहेर ठेवले आणि कापले. एल्बो ओलाच होता. त्याच्या आट्यांना बारीक चीर गेली होती. नवा एल्बो आधी हाताने घट्ट केला आणि मग पान्याने अगदी थोडासा आवळला, कारण प्लॅस्टिकच्या आट्या अति आवळल्या की त्याच चिरतात. मग जमिनीच्या मऊ झालेल्या कडेला लहान भोके पाडून ती पंख्याखाली पूर्ण वाळू दिली. कापलेला तुकडा फेकला नाही. त्यालाच मागून पट्ट्या लावल्या, बिजागऱ्या बसवल्या, प्रवासात उघडू नये म्हणून खटका लावला, आणि ती भिंत आता उघडते.

हे लिहिताना राग थोडा उतरला आहे, कारण ते दार खरोखरच चांगले झाले आहे. नवऱ्याने आतमध्ये एक छोटा दिवा लावला आणि मी सांध्याखाली कोरडा कागद ठेवला. प्रत्येक प्रवासानंतर दार उघडायचे, कागद पाहायचा आणि बंद करायचे, एवढेच काम उरले आहे. ज्या जागेत राहतो तिचा प्रत्येक कोपरा ओळखीचा होत जाणे, यात जे सुख आहे ते ज्यांनी हातात पाना धरला आहे त्यांना मी सांगायला नको.

पण फोनवरचे ते वाक्य मला अजूनही पटत नाही. अनेक उत्पादकांच्या हमीपत्रात कायम राहणाऱ्यांना हमी लागू नाही असे छापलेले असते, हे मला माहीत आहे, आणि रोजच्या वापराने वस्तू लवकर झिजते हेही खरे आहे. तथापि तो एल्बो आम्ही राहतो म्हणून चिरला नाही, तो हादऱ्यांनी चिरला, आणि हादरे सुटीवर जाणाऱ्याच्या ट्रेलरलाही तेवढेच बसतात. उलट त्याची अवस्था आमच्यापेक्षा वाईट होते. तो चार दिवस फिरून येतो, टाकीत पाणी तसेच ठेवून ट्रेलर झाकून लावून देतो, आणि भिंतीत झिरपलेली ओल महिनोन्‌महिने बंद अंधारात लाकूड खात बसते. पुढच्या सुटीत दार उघडल्यावर आधी बुरशीचा वास येतो. मी आत राहते म्हणून मला पहिल्या काही रात्रींतच गळती कळली. मग या ट्रेलरची काळजी कोण अधिक घेते, आणि "त्यात राहायचे नसते" असे कोणाला सांगितले जाते? कोणी कामामुळे, कोणी घर परवडत नाही म्हणून, कोणी आवडीने या ट्रेलरमध्ये राहतात. त्यांना उपरे ठरवून आपल्या सदोष कामावर पांघरूण घालण्याचा हक्क कोणालाही नाही.

कारखान्यात पिना ठोकणाऱ्या कामगाराविषयी माझ्या मनात काहीही नाही. त्याला ठरावीक वेळेत ठरावीक भिंती बंद करायच्या असतात. आराखडा आखणाऱ्याने मात्र एकदा हिवाळ्यात आपल्याच ट्रेलरमध्ये राहून पाहावे. आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक सांध्यासमोर उघडणारे झाकण असावे आणि नळ्या व तारा कुठून जातात याचा एक कागद ट्रेलरबरोबर द्यावा. तुमच्यापैकी जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी दिव्यांची पट्टी नंतर पाहावी. आधी प्रत्येक कपाट उघडावे, गुडघ्यावर बसावे, आणि शॉवरच्या नळामागचा सांधा कुठून दिसतो असे विक्रेत्याला विचारावे. त्याला दाखवता आला नाही, तर तो तुम्हालाही सापडणार नाही.

नळ्यांच्या आराखड्याची मागणी मी आज संध्याकाळी दुरुस्ती केंद्राला लेखी पाठवली आहे. उत्तर आले की इथेच लिहीन. पुढचे दार ओट्यामागच्या भिंतीत करायचे आहे. ज्यांनी अशा भिंती उघडल्या आहेत त्यांनी आतल्या नळ्यांची आणि तारांची छायाचित्रे खाली टाकावीत, कापण्याआधी मला ती पाहायची आहेत. आमच्या शॉवरमागची छायाचित्रे मापांसह मी रात्री टाकते.